शालेय कला प्रकल्प

शालेय कला प्रकल्प म्हणजे चित्र, मातीकाम, ठसेकाम, कोलाज, मुखवटे, बाहुल्या यांपैकी एका किंवा अनेक माध्यमांतून विद्यार्थ्यांनी काही दिवस वा काही आठवडे चालवलेले, एखाद्या निरीक्षणाभोवती किंवा प्रश्नाभोवती बांधलेले काम होय. एका तासात पुरे होणारे चित्र आणि प्रकल्प यांतील मुख्य फरक कालावधीचा नाही. प्रकल्पात विद्यार्थी आधी काहीतरी पाहतो, मोजतो, गोळा करतो किंवा विचारून घेतो आणि मग ते दृश्य रूपात मांडतो. फळ्यावरील नमुना वहीत उतरवणे, छापील चित्रात रंग भरणे किंवा दुकानातून आणलेली चित्रे तक्त्यावर चिकटवणे यांनाही शाळांमध्ये प्रकल्प म्हटले जाते. मात्र त्यात पाहण्याची पायरी वगळली जाते.

महाराष्ट्रातील शालेय कलाशिक्षणाला दीड शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. या लेखात त्या इतिहासाचा आढावा घेऊन रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यातील तळोजा परिसराच्या आधारे वर्गात करता येण्याजोग्या प्रकल्पांचे स्वरूप दिले आहे. जुनी गावे, भातशेती, औद्योगिक वसाहत, कासाडी नदी आणि सिडकोची नवी वसाहत हे सर्व तळोज्यात एकमेकांना लागून आहे, त्यामुळे उदाहरणासाठी हा परिसर सोयीचा ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. तेथील आणि पुढे शाळांमधील चित्रकलेच्या शिक्षणावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा प्रभाव होता. सरळ व वक्र रेषांचा सराव, भौमितिक आकृत्या, ठोकळे व भांडी यांचे रेखाटन आणि नक्षीची नक्कल असा तिचा क्रम असे. कारागिराचा हात तयार करणे हे तिचे उद्दिष्ट होते. मुलाला काय म्हणायचे आहे हा प्रश्न त्या पद्धतीत उद्भवतच नव्हता. या परंपरेतूनच शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, आकाराला आल्या. १९६५ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र शासनाचे कला संचालनालय या परीक्षा घेते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन हे त्यांतील विषय महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या परिचयाचे आहेत.

दुसरा प्रवाह वर्ध्यात उगम पावला. ऑक्टोबर १९३७ मध्ये तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने आखलेल्या बुनियादी शिक्षणाच्या अभ्यासक्रमात हस्तोद्योगाबरोबर चित्रकला व संगीत यांनाही स्थान होते. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद हे १९४४ पासून सुमारे दीड तप सेवाग्रामच्या नयी तालीम शाळेत कलाशिक्षक होते. मुलांच्या चित्रांतून काढलेले त्यांचे निष्कर्ष ‘बच्चों की कला और शिक्षा’ या हिंदी ग्रंथात आले आहेत. कला हा फावल्या वेळेचा विषय नसून शिक्षणाचा पाया आहे अशी त्यांची भूमिका होती. स्थानिक माती, झाडपाला व खनिजे यांपासून रंग तयार करणे हा सेवाग्राममधील कलाकामाचाच भाग असे, आणि आजच्या प्रकल्पपद्धतीचे भारतीय मूळ शोधायचे तर ते येथे सापडते.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेले आणि १९५७ मध्ये कोसबाडला हलवलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र हा याच दिशेचा आणखी एक प्रयोग होय. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी विकत आणलेल्या साहित्याऐवजी खडे, शिंपले, पाने व बिया वापरून आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली.

युरोपात फ्रान्झ सिझेक यांनी व्हिएन्ना येथे १८९७ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कलावर्ग काढला. हर्बर्ट रीड यांचा ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ हा ग्रंथ १९४३ मध्ये, तर व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचा ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ हा १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाचे चित्र म्हणजे प्रौढाच्या चित्राची कच्ची आवृत्ती नव्हे, हा विचार या तिघांमुळे रूढ झाला.

ठरीव निसर्गचित्र

महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेत ‘निसर्गचित्र काढा’ अशी सूचना दिली, तर बहुतेक वह्यांत एकच चित्र उमटते. दोन किंवा तीन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा किरणांचा सूर्य, डोंगरातून नागमोडी येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, एक नारळाचे झाड आणि आकाशात पसरट चारच्या आकड्यासारखे पक्षी. हे चित्र मूल परिसर पाहून काढत नाही. मोठ्या भावंडांच्या वह्या, छापील पुस्तके आणि फळ्यावरील नमुने यांतून ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले आहे. त्यात वाईट असे काही नाही, आणि ते काढताना मुलांना मिळणारा आनंदही खोटा नाही. परंतु सहाव्या इयत्तेपर्यंत तेच चित्र येत राहिले, तर पाच वर्षांत मुलाने चित्रासाठी काहीही पाहिलेले नाही असा त्याचा अर्थ होतो.

तळोज्यात या ठरीव चित्राची तपासणी सहज करता येते, कारण तेथे सूर्य खरोखरच डोंगरांआडून उगवतो. पूर्वेकडे मलंगगड व चंदेरीपासून प्रबळगड व माथेरानपर्यंत डोंगरांची रांग आहे. त्यांतील एकही डोंगर त्रिकोणी नाही. मलंगगडाचा माथा सुळक्यांचा आहे, प्रबळगड वर सपाट आहे आणि त्याच्या बाजूला कलावंतिणीचा सुळका उभा आहे. शाळेच्या गच्चीवरून किंवा मोकळ्या मैदानातून डोंगररांगेची केवळ वरची कडा एका लांब कागदी पट्टीवर रेखाटणे हा पहिला प्रकल्प होऊ शकतो. पट्टीसाठी जुन्या वह्यांचे कोरे कागद एकमेकांना जोडले तरी चालतात. प्रत्येक गटाने रांगेचा एक भाग घ्यावा आणि शेवटी पट्ट्या जोडाव्यात; दोन गटांच्या रेषा जेथे जुळत नाहीत तेथे पुन्हा जाऊन पाहावे लागते. सांध्याची ही तपासणी प्रकल्पाचा सर्वांत उपयुक्त भाग असते, कारण कोणाची रेषा बरोबर हे शिक्षकाला सांगावे लागत नाही, डोंगर स्वतःच सांगतो. पावसाळ्यात ढगांमुळे व हिवाळ्याच्या सकाळी धुरक्यामुळे रांग दिसेनाशी होते, म्हणून ऑक्टोबरातील पाऊस थांबल्यानंतरचे स्वच्छ दिवस या कामाला योग्य असतात.

भातशेतीची रंगपट्टी

तळोजा व वावंजे परिसरात शिल्लक असलेली भातखाचरे वर्षभराच्या प्रकल्पाला विषय पुरवतात. ‘शेताचा रंग हिरवा’ हे मुलांना पाठ असते. प्रत्यक्षात ज्येष्ठात पेरलेल्या रोपांचा पोपटी, लावणीनंतर पाण्यात उभ्या रोपांमधून दिसणारा चिखलाचा तपकिरी, श्रावणातील गर्द, दाणा भरतानाचा पिवळसर, कापणीच्या वेळचा सोनेरी आणि पौषातील धसकटांचा राखी अशा निरनिराळ्या छटा एकाच खाचरात एकामागून एक येतात.

या प्रकल्पासाठी एकच खाचर आणि पाहण्याची एकच जागा ठरवली जाते. आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळी, तेथे दिसणारा रंग जलरंगात मिसळून एका उभ्या पट्टीवर दोन बोटे रुंदीचा पट्टा रंगवला जातो आणि खाली तारीख लिहिली जाते. आकृती काढायची नसल्यामुळे ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणणारे विद्यार्थीही या कामात मागे राहत नाहीत. बाटलीतील तयार हिरवा रंग वापरू न देणे हा एकमेव नियम असतो. प्रत्येक हिरवा निळा, पिवळा व गरज पडल्यास किंचित तांबडा मिसळून करावा लागतो. जून ते जानेवारी या काळात सुमारे तीस पट्ट्यांची नोंद तयार होते. भूगोलाच्या तासाला पर्जन्यमानाच्या आलेखाशेजारी ती टांगता येते. ज्या खाचरावर वर्षाच्या मध्यात भराव पडतो व इमारतीचे काम सुरू होते, तेथे पट्टीतही मुरमाचा तांबूस रंग येतो. नव्या वसाहतीच्या सीमेवरील शाळांना ही शक्यता धरूनच चालावे लागते, आणि अशा वेळी जागा न बदलता नोंद पुढे चालू ठेवणे अधिक बोलके ठरते.

कासाडी नदी आणि रंगांचा उगम

तळोजा औद्योगिक वसाहतीत रसायने व रंगद्रव्ये बनवणारे कारखाने आहेत. वसाहतीतून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाबाबत स्थानिक रहिवासी व मच्छीमार दीर्घकाळ तक्रारी करत आले असून हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये या भागात निळ्या रंगाचे कुत्रे दिसू लागले. एका कारखान्यातील रंगद्रव्य कुत्र्यांच्या अंगाला लागल्याने हा प्रकार घडला होता. त्यांची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करण्याचा आदेश दिला.

कलेच्या तासाला या घटनेचा संबंध सरळ आहे, कारण मुलांच्या रंगपेटीतील निळाही कोठल्यातरी कारखान्यातच तयार झालेला असतो. रंग येतो कोठून हा प्रश्न घेऊन केलेला प्रकल्प चित्रकला, विज्ञान आणि परिसर अभ्यास यांना जोडतो. नीळ पूर्वी वनस्पतीपासून मिळत असे. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी जांभळे कृत्रिम रंगद्रव्य शोधले आणि १८९७ पासून कृत्रिम निळीचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. त्यानंतर रंग स्वस्त झाले, आणि त्यांचे सांडपाणीही वाढले.

वर्गात करता येणारा भाग असा. गेरू, चुना, कोळसा व दिव्याची काजळी हे खनिज व कार्बनी रंग. हळद, पळसाची फुले, गोकर्णाच्या पाकळ्या, सागाची कोवळी पाने व बीट हे वनस्पतिज रंग. गेरू व कोळसा वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात खलावे लागतात. पळसाची फुले फाल्गुनाच्या सुमारास मिळतात. ती गरम पाण्यात भिजवली की केशरी-पिवळा रंग उतरतो. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात तांबडा होतो, ही गोष्ट डोंगराकडील मुलांना शिक्षकाच्या आधी ठाऊक असते. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळल्यास ते जांभळट-गुलाबी होते, खाण्याचा सोडा घातल्यास हिरवट होते. हळदीत चुन्याची निवळी घातली की लाल रंग येतो, आणि कुंकवाची जुनी कृती याच गुणावर आधारलेली आहे.

तयार झालेले रंग कागदाच्या पट्टीवर लावून पट्टीचा अर्धा भाग जाड कागदाने झाकायचा आणि ती खिडकीत उन्हाला ठेवायची. पंधरा दिवसांनी झाकण काढल्यावर हळदीचा उघडा भाग फिकटलेला दिसतो, गेरू मात्र जसाच्या तसा राहतो. लेण्यांतील भित्तिचित्रांत मातीचे रंग का टिकले याचे उत्तर मुलांना येथे स्वतःच्या हाताने मिळते.

नदीवर प्रत्यक्ष काम करताना मर्यादा पाळणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांनी पाण्यात उतरू नये व पाण्याचे नमुने हाताने घेऊ नयेत. पुलावरून दिसणाऱ्या पाण्याचा रंग भातशेतीच्या पद्धतीनेच पट्टीवर नोंदवावा. काही शिक्षक या विषयावर घोषणांची भित्तिपत्रके करून घेतात. दिनांकासह ठेवलेली रंगांची नोंद त्या घोषणांपेक्षा अधिक काही सांगते, शिवाय तिच्यात मुलाच्या तोंडी मोठ्यांची वाक्ये घालावी लागत नाहीत.

मेट्रो, खांब आणि यथार्थदर्शन

बेलापूर ते पेंधर या ११ स्थानकांच्या मार्गावर नवी मुंबई मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावू लागली. तिच्या उन्नत मार्गाचे समान अंतरावरील समान उंचीचे खांब हे यथार्थदर्शन शिकवण्याचे तयार साधन आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना क्षितिजरेषा व लोपबिंदू या संज्ञा फळ्यावर समजावण्याआधी खांबांच्या रांगेखाली सुरक्षित जागी उभे करून हात लांब धरलेल्या पेन्सिलीने प्रत्येक खांबाची दिसणारी उंची मोजायला लावावी. मापे वहीत लिहिली की खांब लहान होत जाण्याचा क्रम आकड्यांत दिसतो आणि मग रेषा ओढण्याचे कारण कळते. दिवा–पनवेल लोहमार्गावरील तळोजे स्थानकाच्या फलाटावरूनही हाच पाठ घेता येतो, पण रुळांजवळ मुलांना नेणे इष्ट नाही.

धवले ऐकून काढलेली चित्रे

परिसरातील आगरी समाजाच्या लग्नांत धवलारीण धवले गाते. विवाहविधी, देवदेवता व वऱ्हाडाची वर्णने त्यांत येतात. एखाद्या विद्यार्थ्याच्या आजीला किंवा गावातील धवलारणीला वर्गात बोलावून, गाणे ऐकताना मनात उभे राहिलेले दृश्य नंतर चित्रात मांडणे हा स्मरणचित्राचाच एक प्रकार होय. रेखाकला परीक्षेतील स्मरणचित्राला ‘बाजार’, ‘सण’ असे विषय येतात व त्यांची तयारी पाठ केलेल्या आकृत्यांवर होते. गाण्यातून आलेल्या दृश्याला पाठ केलेली आकृती नसते. वसाहतीत नव्याने राहायला आलेल्या, इतर राज्यांतील कुटुंबांच्या मुलांना आपापल्या घरची लग्नगीते याच तासाला आणता येतात.

वारली शैलीचा वापर

शालेय कला प्रकल्पांत सर्वाधिक वापरली जाणारी लोककला म्हणजे वारली चित्रकला. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत लग्नाच्या वेळी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने देवचौक व लग्नचौक लिहितात; बांबूची काडी चावून तिचा कुंचला केला जातो. कलावंत भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर व शहरात आली. गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनी विधीपलीकडचे विषय चितारून तिला स्वतंत्र ओळख दिली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांतून माणूस, डोंगर व चौक उभा राहत असल्याने ही शैली वर्गात सोपी वाटते. परंतु बहुतेक शाळांत ती दोन त्रिकोणांची माणसे आणि तारपानृत्याचे वेटोळे यांच्या नकलेपुरती उरते. सणांच्या सजावटीत, दप्तरांवर व भिंतींवर तेच वेटोळे पुन्हा पुन्हा दिसते. दुसरा दोष असा की ती सरसकट ‘आदिवासी चित्रकला’ म्हणून शिकवली जाते. रायगड जिल्ह्यातील वाड्यांवर प्रामुख्याने कातकरी व ठाकर समाज राहतो, आणि ठाकरांच्या एका शाखेची चित्रपरंपरा अगदी निराळी आहे: सिंधुदुर्गातील पिंगुळीची चित्रकथी, ज्यात कागदावरील चित्रे एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातील कथा गायली जाते. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पाचवी ते सातवीच्या वर्गात चित्रकथीची पद्धत घेऊन गावातील एखादी घटना आठ-दहा चित्रांत सांगणे हा वारलीच्या नकलेपेक्षा अधिक मोकळा प्रकल्प आहे. शैली उचलण्याऐवजी येथे रीत उचलली जाते.

मातीकाम आणि शिल्प

पनवेलहून मुंबई–गोवा महामार्गाने दक्षिणेस गेल्यावर लागणारे पेण हे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे या भागात शाडू माती मिळवणे अवघड नसते. एका विद्यार्थ्याला पाव किलो माती पुरते. ती आदल्या दिवशी भिजवून, मळून ओल्या फडक्यात ठेवावी. दोन भाग जोडताना दोन्ही पृष्ठभागांवर काडीने ओरखडे काढून मध्ये मातीचा पातळ लगदा लावला नाही, तर सुकताना ते सुटतात. वस्तू उन्हात ठेवू नये. सावलीत सावकाश सुकली तर तडे कमी जातात. श्रावणात बहुतेक शाळा गणपतीच करून घेतात. मूर्ती झाल्यावर उरलेल्या मातीतून घरातील म्हैस, कोंबडी, झोपलेला माणूस असे काही करायला सांगितले, तर मुलांचे लक्ष आकाराकडे वळते.

याला जोडून अलिबागजवळील सासवणे येथील करमरकर शिल्पालयाची सहल उपयुक्त ठरते. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) हे मूळचे याच गावचे. लहानपणी त्यांनी गावात काढलेली चित्रे तत्कालीन जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या पाहण्यात आली आणि त्यांच्या साहाय्याने करमरकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. राहत्या घरातील संग्रहात त्यांनी घडवलेली गावची माणसे व जनावरे पाहायला मिळतात. शेजारच्या उरण तालुक्यातील घारापुरी लेणी १९८७ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहेत. तेथे नेल्यास सर्व शिल्पे धावत पाहण्यापेक्षा एका स्तंभाचे किंवा एका हाताचे अर्धा तास रेखाटन करणे अधिक फलदायी असते.

वयोगट

लोवेनफेल्ड यांनी सांगितलेल्या टप्प्यांनुसार साधारण चार ते सात वर्षांची मुले वस्तू कागदावर सुट्या सुट्या मांडतात आणि रंग मनाप्रमाणे देतात. सात ते नऊ या वयात चित्रात जमिनीची रेघ येते, घराच्या भिंतीतून आतली माणसे दिसतात आणि महत्त्वाची व्यक्ती आकाराने मोठी होते. या गोष्टी चुका समजून दुरुस्त करू नयेत. खरी अडचण दहाव्या-अकराव्या वर्षानंतर येते. मुलाला चित्र ‘खऱ्यासारखे’ हवे असते, ते जमत नाही, आणि अनेकजण याच वयात चित्र काढणे कायमचे सोडतात. म्हणून पहिली-दुसरीत भेंडी व बटाट्याचे ठसे, घासचित्रे, घडीकाम असे हाताचे खेळ पुरेसे असतात, तर निरीक्षण, मोजमाप व नोंद यांवर आधारलेले प्रकल्प पाचवी ते आठवीत सर्वाधिक गरजेचे ठरतात. लाल व हिरवा यांतील फरक न कळणारी मुले वर्गात असू शकतात. हा दोष मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळ अधिक आढळतो. झाडाचे खोड हिरवे रंगवणाऱ्या मुलाला हसण्यापूर्वी ही शक्यता ध्यानात घ्यावी लागते.

साहित्य आणि वर्गव्यवस्था

पन्नास-साठ मुले, पस्तीस मिनिटांचा तास आणि व्हरांड्याच्या टोकाला एक नळ ही अनेक शाळांतील वस्तुस्थिती आहे. रंग वाटण्यात व ब्रश धुण्यातच तास संपतो, म्हणून जोडतास मिळाल्याशिवाय जलरंगाचा प्रकल्प हाती घेऊ नये. सहा मुलांमागे एक पाण्याचे भांडे व एक फडके, खाली वर्तमानपत्र आणि गटातील एकाकडे साहित्याची जबाबदारी अशी रचना केल्यास गोंधळ आटोक्यात राहतो. पाठकोरे कागद, खोक्यांचे पुठ्ठे, लग्नपत्रिका व कापडाच्या चिंध्या हे नेहमीचे ‘टाकाऊतून टिकाऊ’ साहित्य आहे. औद्योगिक वसाहतीच्या परिसरात मात्र एक सावधगिरी हवी: कारखान्यातून बाहेर पडलेली पिंपे, पिशव्या किंवा रंगाची भुकटी वर्गात कदापि आणू नये. भिंतींचे तैलरंगही लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. प्रकल्पांत एकेकाळी सर्रास दिसणारा थर्माकोल महाराष्ट्रातील मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदी अधिसूचनेनंतर सजावटीतून बाद झाला. पुठ्ठा व कागदाचा लगदा त्याची जागा घेतात. लगद्याला वेळ अधिक लागतो, पण त्याला आकार मुलाच्या हातानेच द्यावा लागतो.

धोरण, मूल्यमापन आणि अडचणी

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराहून अधिक असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असणे अपेक्षित आहे. लहान पटाच्या शाळांत ही तरतूद लागू होत नाही आणि वर्गशिक्षकच कलेचा तास घेतो. राज्यात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कला विषयाचे मूल्यमापन पूर्णतः आकारिक, म्हणजे वर्षभराच्या कामावरून, करण्याची तरतूद झाली. प्रकल्पाला ती अनुकूल आहे. प्रत्यक्षात, गणिताचा वा विज्ञानाचा अभ्यासक्रम मागे पडला की सर्वांत आधी बळी जातो तो चित्रकलेच्या तासाचा, आणि विद्यार्थ्यांच्या भाषेतही तो ‘ऑफ तास’ असतो.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२०-२१ पासून पहिली ते दहावीसाठी कला-समन्वित प्रकल्प आवश्यक केला. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी असल्याने खारघर-तळोजा भागातील या मंडळाच्या शाळांत पट्टचित्र, कोणार्क आणि जगन्नाथाचे मुखवटे यांवर प्रकल्प होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही कला-समन्वयावर भर आहे. समन्वयाची एक अडचण अशी की कला बहुधा दुसऱ्या विषयाची सजावट बनते: पानिपतच्या लढाईचा नकाशा रंगवला की इतिहासाबरोबर कलाही झाली असे मानले जाते.

रेखाकला परीक्षांबाबत मतभेद आहेत. इंटरमिजिएट उत्तीर्ण विद्यार्थ्यांना दहावीच्या निकालात श्रेणीनुसार अतिरिक्त गुण मिळू लागल्यापासून या परीक्षांकडे ओढा वाढला. त्यांनी खेड्यापाड्यांतील लाखो मुलांना रेषा व रंगावरची पकड दिली आणि कलामहाविद्यालयांची वाट दाखवली, ही बाजू कलाशिक्षक मांडतात. टीकाकारांचे म्हणणे असे की परीक्षेच्या साच्यामुळे शिकवणीत ठरावीक फुलदाणी, ठरावीक बाजार आणि ठरावीक नक्षी घोटून घेतली जाते. वरील प्रकल्प या परीक्षांना पर्याय नाहीत. खांब मोजून यथार्थदर्शन शिकलेला विद्यार्थी स्थिरचित्रातही कमी पडत नाही.

प्रकल्प कोणी केला हा प्रश्नही जुनाच आहे. घरी करण्यास दिलेले काम पालक किंवा स्टेशनरीच्या दुकानातील कारागीर पूर्ण करतात, आणि प्रदर्शनात सफाईदार कामालाच बक्षीस मिळते. यावर काही शाळांनी दोन साधे उपाय योजले आहेत. एक, काम वर्गातच करून घेणे. दोन, अंतिम कृतीबरोबर कच्ची रेखाटने, फसलेले रंग आणि तारखा असलेली वहीही प्रदर्शनात मांडणे व गुण देताना तिचा विचार करणे.